फ्लॉपी सर्वांत शेवटी: माळ्यावरचा जुना संगणक आणि त्याच्या फ्लॉप्या कशा तपासाव्यात

काही वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या एका छापखान्याच्या मालकांनी माझ्याकडे पीसी-एक्सटी प्रकारचा एक जुना संगणक आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलेले सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या चुंबकीय लेपाच्या पातळ तबकड्यांचे, तीन डबे आणून दिले. त्या फ्लॉप्यांवर त्यांच्या वडिलांनी १९९० च्या दशकात जुळवलेला मजकूर होता: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि गावाच्या इतिहासावरची एक पुस्तिका, जिची छापील प्रत घरात उरलेली नव्हती. संगणक माझ्याकडे येण्यापूर्वी घरीच सुरू करून पाहिला होता आणि तो सुरूही झाला होता. त्या आनंदात सर्वांत आधी पुस्तिकेचीच फ्लॉपी घातली गेली. ड्राइव्हमधून, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या भागातून, किंचाळल्यासारखा आवाज आला, पडद्यावर वाचनदोषाचा संदेश आला, म्हणून तीच फ्लॉपी पुन्हा आणि मग तिसऱ्यांदा घातली गेली. मी ती पाहिली तेव्हा तिच्या तपकिरी पृष्ठभागावर बाहेरच्या कडेजवळ एक स्वच्छ, आरपार दिसणारे वर्तुळ उमटलेले होते. तेथील चुंबकीय लेप खरवडून निघाला होता आणि ड्राइव्हच्या हेडवर, म्हणजे तबकडीला टेकून वाचणाऱ्या टोकावर, काजळीसारखा बसला होता. कोणती फाइल कोठे आहे याची नोंद फ्लॉपीच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर (वर्तुळाकार पट्ट्यावर) असते आणि ड्राइव्हचे हेड प्रत्येक वेळी प्रथम तेथेच जाते, त्यामुळे नुकसान नेमके तेथे झाले. बाकीच्या बहुतेक फ्लॉप्या पुढे वाचता आल्या. पुस्तिकेचे मात्र क्रम नसलेले तुकडे तेवढे हाती लागले.

या लेखात सांगितलेली कामे वाचकाने त्याच क्रमाने करावीत, असा माझा आग्रह आहे. आधी घरातील वीज, मग यंत्राचा पॉवर सप्लाय, मग मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड), मग ड्राइव्ह, त्यानंतर जिच्यावर काहीही महत्त्वाचे नाही अशी एखादी फ्लॉपी, आणि हे सर्व निर्धोक ठरल्यावरच हवी असलेली फ्लॉपी. बिघडलेला संगणक पुन्हा दुरुस्त करता येतो, त्याचे भाग दुसऱ्या यंत्रातून काढता येतात, पण खरवडलेला लेप परत बसवता येत नाही.

यंत्र ओळखणे

मराठवाड्यात सापडणारी जुनी यंत्रे साधारणपणे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमचा. १९८२ साली इंग्लंडमध्ये आलेले हे यंत्र दूरचित्रवाणी संचाला जोडायचे असे आणि बहुधा कॅसेटवरून चालत असे. दुसरा प्रकार बीबीसी मायक्रोचा. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी आखलेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी हेच यंत्र निवडले गेले होते, आणि म्हणून जुन्या शाळांच्या अडगळीत ते अजूनही निघते. तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा प्रकार आयबीएमच्या १९८३ च्या एक्सटी व १९८४ च्या एटी या रचनांवर बेतलेल्या जुळणी-संगणकांचा. छापखाने, सहकारी संस्था, महाविद्यालये आणि पुढे घरे, सर्वत्र हेच होते, त्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्यांच्यासाठी आहे.

यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. कोणती केबल कोठे व कोणत्या दिशेने बसवली होती, मदरबोर्डवरील लहान स्विचे कोणत्या स्थितीत होती, ड्राइव्हवरचे जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या लहान टोप्या, कोठे होते हे छायाचित्रात स्पष्ट दिसले पाहिजे. एक्सटीमध्ये मेमरी किती, ड्राइव्ह किती, पडदा कोणत्या प्रकारचा हे सर्व त्या लहान स्विचांवरच ठरते. एखादे स्विच नकळत सरकले तर निरोगी यंत्रही आजारी भासते.

वीज आणि अर्थिंग

संगणकातील दोष शोधण्याआधी भिंतीतील सॉकेट तपासावे, कारण आपल्याकडे निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशी तीन मोजमापे घ्यावीत. पहिली दोन जवळजवळ सारखी, म्हणजे २३० च्या आसपास यावीत आणि तिसरे एखाद-दोन व्होल्टांच्या पलीकडे फारसे जाऊ नये. फेज आणि अर्थ यांच्यात काहीच दाखवत नसेल तर तिसरी पिन केवळ शोभेची आहे असे समजावे. अर्थ नसलेल्या सॉकेटवर संगणक लावला की त्याच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात. पॉवर सप्लायच्या आत गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये पत्र्याला लटकते ठेवतात, आणि अर्थ तुटलेला असला की पत्र्यावर मुख्य दाबाच्या जवळपास निम्मा, म्हणजे सव्वाशे व्होल्टांच्या आतबाहेर दाब येतो. त्याचा प्रवाह अगदी थोडा असतो, तरी प्रिंटरची किंवा ड्राइव्हची केबल जोडताना तोच प्रवाह चिपमधून वाट काढू शकतो.

काळ्या मातीच्या भागात याला एक ऋतुमानाची बाजूही आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती कोरडी होऊन पट्टीपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग उन्हाळ्यात निकामी ठरते. खड्ड्यात मीठ व कोळसा आहे ना हे पाहून तेथे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी घालावे. परभणीच्या एका घरी एवढ्याच उपायाने ‘कधी चालतो, कधी अडतो’ असा संगणक सरळ झालेला मी पाहिला आहे. लोडशेडिंगनंतर वीज परत येते तो क्षण जुन्या यंत्रांसाठी सर्वांत वाईट असतो. वीज गेली की संगणकाचे बटण बंद करावे आणि ती आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबूनच चालू करावे.

पॉवर सप्लाय

दहा-वीस वर्षे बंद असलेले यंत्र थेट भिंतीत लावू नये. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड, म्हणजे यंत्राच्या मार्गात ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब, येथे फार उपयोगी पडतो. एलईडी बल्ब त्या कामाला चालत नाही. यंत्र सिरीजमध्ये लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरे. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने ते यंत्र वाचवले आहे. ही चाचणी शॉर्ट ओळखण्यापुरतीच घ्यावी. पुरवठ्याचे व्होल्ट बल्बमधून मोजू नयेत, ते कमीच येतील.

पॉवर सप्लायचे झाकण उघडणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. आतील मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टांच्या आसपास डीसी दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. ज्यांना अशा कामाचा सराव नाही त्यांनी हा भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा. मॉनिटरच्या आतील भागाला तर त्यांनी हातच लावू नये, कारण पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात. बीबीसी मायक्रोसह त्या काळातील अनेक पुरवठ्यांत मेन्सच्या तोंडाशी पारदर्शक, पिवळसर कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या कवचाला कालांतराने बारीक तडे जातात, आत दमटपणा शिरतो आणि चालू केल्यावर काही मिनिटांतच ते फट्कन फुटून घरभर उग्र धूर करतात. तडे दिसले तर फुटण्याची वाट न पाहता तेथे त्याच मूल्याचा, मेन्ससाठी मान्य असलेला ‘एक्स-२’ वर्गाचा नवा कपॅसिटर बसवावा.

एक्सटी व एटीचा पुरवठा मदरबोर्डपासून सोडवून तपासताना त्याला काहीतरी भार द्यावा लागतो. भाराशिवाय अनेक पुरवठे सुरूच होत नाहीत आणि लोक चांगला पुरवठा भंगारात देतात. पाच व्होल्टच्या तारेवर वाहनाचा लहान बल्ब लावला तरी काम भागते. मग मोजावे: पाच व्होल्टची लाल तार ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान, बारा व्होल्टची पिवळी तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी. मदरबोर्डकडे जाणारे दोन सहा-पिनी कनेक्टर परत बसवताना दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसवले तर बोर्ड जळतो, आणि दुर्दैवाने ते उलटेही सहज बसतात. पुरवठा एकटा चालतो पण बोर्डला जोडताच गप्प होतो, असे असेल तर बोर्डवरील मण्यासारखे टँटलम कपॅसिटर तपासावेत. बारा व्होल्टच्या मार्गावरील हे मणी जुने झाले की शॉर्ट होण्याची त्यांना खोड आहे.

स्पेक्ट्रमच्या ॲडॅप्टरचे ध्रुव नेहमीच्या उलट, म्हणजे आतली पिन ऋण आणि बाहेरची धन असते. बाजारात मिळणारा कोणताही ९ व्होल्टचा ॲडॅप्टर त्यात खुपसणे म्हणजे यंत्राचा जीव घेणे होय. मूळ ॲडॅप्टर मोकळा मोजला असता बारा-तेरा व्होल्ट दाखवतो, तो मात्र दोष नव्हे.

बोर्ड आणि पडदा

एटी व त्यानंतरच्या बोर्डांवर घड्याळासाठी पिंपाच्या आकाराची, बहुधा निळ्या वेष्टनाची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर बॅटरी पाझरली आहे. हा द्रव अल्कधर्मी असून तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. बॅटरी लगेच कापून काढावी, तो भाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसावा, मग डिस्टिल्ड वॉटरने व शेवटी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ नावाने मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावा. त्यानंतर बॅटरीपासून कीबोर्डच्या सॉकेटपर्यंतची प्रत्येक रेषा मल्टिमीटरच्या बीपवर तपासावी, कारण पाझर बहुधा त्याच दिशेने पसरलेला असतो. पुढे साधे पेन्सिल सेल लावायचे असतील तर मध्ये एक डायोड घालणे आवश्यक आहे, अन्यथा बोर्ड त्यांना चार्ज करू पाहील. एक्सटीत ही बॅटरी नसल्याने ही यंत्रे तुलनेने जास्त टिकली.

यानंतर सॉकेटमधील चिपा एकेक करून किंचित उचलून परत दाबाव्यात. उन्हाळा-हिवाळ्याच्या प्रसरण-आकुंचनाने त्या हळूहळू वर सरकतात आणि पायांवर काळसर थर बसतो. केवळ एवढे केल्याने जागे झालेले संगणक मी मोजले नाहीत, पण ते थोडके नाहीत. विस्तार कार्डांच्या सोनेरी पट्ट्या अल्कोहोलने पुसाव्यात. पेन्सिलचा खोडरबर सोने घासून काढतो, म्हणून तो मोह टाळावा.

यंत्र काय सांगते ते ऐकावे. आयबीएमच्या पद्धतीत एक छोटी बीप म्हणजे प्राथमिक चाचणी पार पडली, आणि एक लांब व दोन छोट्या म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष. पडद्यावर २०१ आकडा आला तर मेमरी, ३०१ आला तर कीबोर्ड, ६०१ आला तर फ्लॉपीची यंत्रणा आणि १७०१ आला तर हार्ड डिस्क. एटीवरील १६१ हा आकडा संपलेल्या बॅटरीचा असतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. बीबीसी मायक्रो निरोगी असेल तर आधी खालच्या व लगेच वरच्या पट्टीत असे दोन सूर काढतो. पहिलाच सूर अखंड चालू राहिला तर चिपा आणि कीबोर्डची रिबन केबल पुन्हा बसवून पाहावी. स्पेक्ट्रमचा कीबोर्ड अर्धवट चालत नसेल तर आतील पातळ प्लॅस्टिकची पट्टी ठिसूळ होऊन तुटलेली असते. ती बदलावीच लागते.

जुन्या मॉनिटरबाबत एक धोका सांगितला पाहिजे. एक्सटीच्या काळातील एकरंगी आणि रंगीत दोन्ही मॉनिटरांना सारखेच नऊ पिनांचे कनेक्टर असतात, परंतु एकरंगीची वारंवारता १८.४ किलोहर्ट्झ आणि रंगीत सीजीएची १५.७ किलोहर्ट्झ असते. चुकीच्या कार्डाला जोडलेला एकरंगी मॉनिटर जळू शकतो. पंधरा पिनांचा नंतरच्या काळातील व्हीजीए मॉनिटर तर या कार्डांना चालतच नाही.

ड्राइव्ह

संगणक सुरू झाला, तरी अजून फ्लॉपी घालायची नाही. ड्राइव्ह बाहेर काढून तिचे वरचे आवरण उघडावे. आत धुळीचा थर, कधी पालीची अंडी, कधी कुंभारमाशीने केलेले मातीचे घर असे काहीही निघते. धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने व मऊ ब्रशने काढावी. हेड ज्या दांड्यांवरून सरकते त्यांवरील जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असेल तर ते अल्कोहोलने पूर्ण पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एखादाच थेंब बोटाने पसरावा. तेल जास्त झाले तर त्यावर पुन्हा धूळ बसते.

हेड स्वच्छ करण्यासाठी ९९ टक्के आयपीए आणि कापसाचा बड घ्यावा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट चालणार नाही, त्यात पाणी व इतर द्रव्ये असतात. दोन्ही बाजू वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये वरचे हेड अतिशय नाजूक, पातळ पट्टीवर तोललेले असते. ते बडचे टोक सरकेल एवढेच, एक-दोन मिलिमीटर, उचलावे. जास्त उचलल्यास पट्टी वाकते आणि ड्राइव्ह कायमची जाते. एकाच बाजूने वाचणाऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये वर हेड नसून फेल्टचा लहान तुकडा असतो, तो झिजला असेल तर बदलावा.

केबलबाबत नियम असा की पीसीच्या चौतीस तारांच्या रिबनमध्ये दहा ते सोळा क्रमांकाच्या तारांना एक पीळ दिलेला असतो. दोन्ही ड्राइव्हांचे जंपर दुसऱ्या क्रमांकाच्या ड्राइव्हसारखेच ठेवायचे असतात आणि पिळानंतरच्या टोकाला लावलेली ड्राइव्ह ‘ए’ ठरते. ड्राइव्हचा दिवा संगणक लावल्यापासून अखंड पेटलेला राहिला तर केबल उलटी बसली आहे, दुसरे काही शोधू नये. टोकाच्या ड्राइव्हवर टर्मिनेशनचे, म्हणजे केबलच्या टोकावरून संकेत परतू न देणारे, रेझिस्टर आहेत ना हेही पाहावे.

वेग तपासण्यासाठी एक जुनी, सुंदर युक्ती आहे. अनेक सव्वापाच इंची ड्राइव्हांच्या खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळे छापलेली असतात, एक ५० हर्ट्झसाठी व दुसरे ६० साठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ५० चे वर्तुळ पाहायचे. चाक फिरत असताना जुन्या, तांब्याच्या चोकच्या ट्यूबलाइटखाली ते वर्तुळ स्थिर उभे राहिलेले दिसले तर वेग बरोबर आहे, पट्ट्या पुढे-मागे सरकत असतील तर वेग चुकला आहे. एलईडी दिव्याखाली हा खेळ सहसा जमत नाही, म्हणून माझ्या खोलीत एक चोकवाली ट्यूब मी मुद्दाम जपून ठेवली आहे. ३६० केबीच्या आणि साडेतीन इंची ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे, तर १.२ एमबीची ड्राइव्ह ३६० फेरे घेते.

आता कामाची नसलेली एक फ्लॉपी घालावी. त्याच ड्राइव्हवर ती फॉर्मॅट करून, एखादी फाइल लिहून परत वाचावी आणि मग बाहेर काढून तिच्या खिडकीतून दोन्ही बाजू पाहाव्यात. एकही नवी रेघ उमटली असेल तर हेड पुन्हा स्वच्छ करावे. त्यानंतर दुसऱ्या यंत्रावर लिहिलेली एखादी फ्लॉपी वाचावी. स्वतः लिहिलेली वाचते पण परकी वाचत नाही, असे झाल्यास ड्राइव्हचे हेड मूळ जागेपासून सरकलेले आहे. ते स्क्रू फिरवून जुळवण्याचा प्रयत्न करू नये, त्यासाठी खास मापन-फ्लॉपी व ऑसिलोस्कोप लागतो. पण अशी तिरकी ड्राइव्ह फेकूनही देऊ नये. तिने स्वतः वर्षानुवर्षे लिहिलेल्या फ्लॉप्या तीच सर्वांत चांगल्या वाचते. छापखान्याचा संगणक भंगारात देऊन केवळ फ्लॉप्या घेऊन येणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारतो की ती ड्राइव्ह कोठे गेली.

फ्लॉपी बदलल्यावरही पडद्यावर आधीच्याच फ्लॉपीची यादी येत असेल तर केबलच्या चौतिसाव्या तारेवरचा ‘डिस्क बदलली’ हा संकेत पोहोचत नाही. अशा स्थितीत काहीही लिहिल्यास दुसऱ्या फ्लॉपीची नोंद पहिलीच्या हिशोबाने मिटते. दोष दूर होईपर्यंत त्या ड्राइव्हवर लिहिणे बंद ठेवावे.

फ्लॉप्या

सर्वप्रथम प्रत्येक फ्लॉपीला लिहिण्यापासून कुलूप लावावे. सव्वापाच इंचीच्या बाजूची खाच चंदेरी किंवा काळ्या चिकटपट्टीने झाकावी. पारदर्शक सेलोटेप उपयोगाची नाही, कारण काही ड्राइव्ह ही खाच प्रकाशाने तपासतात. साडेतीन इंचीमध्ये नियम उलटा आहे, तेथे छिद्र उघडे असले की फ्लॉपी सुरक्षित असते. आधुनिक संगणकाने ‘ही डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करू का?’ असे विचारल्यास उत्तर नेहमी ‘नाही’ हेच द्यावे. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच असतो की त्याला ती वाचता आली नाही.

मग वर्गवारी करावी. खिडकीतून पाहत, मधल्या कड्याला बोट लावून तबकडी हळूहळू फिरवावी. चकचकीत, एकसारखा पृष्ठभाग असलेल्या फ्लॉप्या एकीकडे, धूळ-डाग असलेल्या दुसरीकडे आणि पांढरट ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू असलेल्या तिसरीकडे. हे तंतू बुरशीचे असतात. मराठवाड्याची हवा कोरडी म्हणून येथे बुरशी नसेल असा समज होतो, पण चार महिन्यांचा पावसाळा आणि हवाबंद पत्र्याची पेटी तेवढ्यासाठी पुरेशी असते. बुरशीची एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की तिच्यानंतरच्या प्रत्येक फ्लॉपीला तो संसर्ग आणि ओरखडे मिळतात.

सव्वापाच इंची फ्लॉपी धुता येते. तिच्या कवचाची वरची कड धारदार ब्लेडने काळजीपूर्वक उघडावी, आतील तबकडी कडेला धरून बाहेर काढावी, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणद्रवाचा एक थेंब टाकून बोटांच्या टोकांनी हलकेच पुसावी, साध्या डिस्टिल्ड वॉटरने विसळावी आणि धूळ नसलेल्या कपड्यावर सावलीत वाळू द्यावी. पंख्याखाली नको, उन्हात तर मुळीच नको. वाळल्यावर ती दुसऱ्या, स्वच्छ फ्लॉपीच्या रिकाम्या कवचात घालावी, कारण मूळ कवचाच्या अस्तरात बुरशी उरलेली असते. कोणती बाजू वर होती याची खूण आधीच करून ठेवावी. साडेतीन इंचीसाठी शटर सरकवून, आयपीएने किंचित ओला केलेला बड तबकडीवर टेकवून मागचे धातूचे चाक फिरवावे. दोन्ही प्रकारांत बोटावर किंवा बडवर तपकिरी रंग उतरू लागला तर लगेच थांबावे. लेपाचा चिकट घटकच सुटू लागला आहे आणि अशा फ्लॉपीला पुसण्याने मरण लवकर येते; तिचे वाचन सर्वांत शेवटी, एकदाच होईल या तयारीने करावे.

उष्णतेचेही भान हवे. सव्वापाच इंचीच्या पाकिटांवर बहुधा १० ते ५२ अंश सेल्सिअस ही मर्यादा छापलेली असे. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२-४३ वर गेलेला असताना पत्र्याच्या छताखालची पेटी किंवा उन्हात उभ्या मोटारीची डिकी ही मर्यादा सहज ओलांडते आणि तबकडी वाकते. त्या दिवसांत हे काम मी सकाळी नऊच्या आत उरकतो.

प्रत घेणे

जुन्याच संगणकावर एकेक फाइल कॉपी करण्याची पद्धत मला मान्य नाही. तिच्यात फ्लॉपी पुनःपुन्हा फिरते, हेड मागे-पुढे धावते आणि खराब सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा खराब तुकडा, आला की सर्व अडते. त्याऐवजी संपूर्ण फ्लॉपीची एकाच फेरीत प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यावी. यूएसबीला लावायची साडेतीन इंची ड्राइव्ह सोपी असते, परंतु ती पीसीच्या ७२० केबी व १.४४ एमबी याच फ्लॉप्यांपुरती चालते आणि चुकांबद्दल फारसे काही सांगत नाही. खरे काम ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्स यांसारख्या लहान बोर्डांनी होते. जुनी ड्राइव्ह चौतीस तारांच्या केबलने या बोर्डला व बोर्ड यूएसबीने आजच्या संगणकाला जोडला जातो. हा बोर्ड फाइली किंवा सेक्टर पाहत नाही, तर चुंबकीय दिशा कोणत्या क्षणी बदलली याची नोंद, म्हणजे फ्लक्स नोंद, ठेवतो. म्हणून बीबीसी मायक्रोची फ्लॉपी असो वा पीसीची, दोन्ही त्याला सारख्याच. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ व १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा लागतो, यूएसबीवर ती फिरत नाही.

प्रत्येक ट्रॅकचे किमान तीन ते पाच फेरे नोंदवावेत. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हवर वाचण्यास हरकत नाही, मात्र तिच्यावर त्या ड्राइव्हने लिहू नये. ऐंशी ट्रॅकांची ही ड्राइव्ह अरुंद रेघ लिहिते आणि चाळीस ट्रॅकांच्या ड्राइव्हला नव्या अरुंद रेघेच्या दोन्ही बाजूंना जुन्याचे अवशेषही ऐकू येतात. वाचन चालू असताना कान उघडे ठेवावेत. टिकटिक आणि सळसळ स्वाभाविक आहे. चिरका, किंचाळणारा आवाज आला की त्याच क्षणी ड्राइव्हचा दांडा उघडावा. दर पाच-सहा फ्लॉप्यांनंतर हेड पुसावे. काम लॅपटॉपवर केल्यास आणि ड्राइव्हचा पुरवठा यूपीएसवर ठेवल्यास लोडशेडिंगची धास्ती राहत नाही.

काही सेक्टर वाचलेच नाहीत तर ‘डेटा एरर’ आणि ‘सेक्टर नॉट फाउंड’ यांतला फरक उपयोगी पडतो. पहिल्यात सेक्टर सापडला, पण त्याची पडताळणीची बेरीज जुळली नाही, म्हणजे आशा आहे. दुसऱ्यात सेक्टरचा पत्ताच मिटला आहे. पहिल्या प्रकारात हेड पुसून, दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि ट्रॅककडे आतल्या बाजूने येऊन पुन्हा वाचावे. दोन अर्धवट प्रतिमांतील चांगले सेक्टर एकत्र करून पूर्ण प्रतिमा बनवता येते. जुना संगणक पुढे चालवायचाच असेल तर ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हवरच्या प्रतिमा वाचणारा गोटेक बसवावा आणि मूळ फ्लॉप्यांना विश्रांती द्यावी.

मजकूर उघडणे

प्रतिमेतून फाइल निघाली म्हणजे मराठी वाचता येईल असे नाही. ही फाइल युनिकोडच्या, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या काळातील असते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे, भारतीय लिपी दाखवणारे जिस्ट कार्ड लावलेल्या संगणकांवरील मजकूर बहुधा इस्की या भारतीय लिपींच्या संकेतात असतो, ज्याचे प्रमाण भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये आले. त्यात इंग्रजी अक्षरे खालच्या १२८ जागांत आणि देवनागरी वरच्या १२८ जागांत असते. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला असल्याने हे रूपांतर बरेच सरळ होते. छापखान्यांच्या फाइली मात्र बहुतेक फाँटवर आधारित असतात. त्यांत अक्षर नव्हे तर त्याचा दिसणारा आकार साठवलेला असतो: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर आणि काना वेगळा तुकडा म्हणून. म्हणून ज्या फाँटमध्ये मजकूर जुळवला त्याचे नाव समजल्याशिवाय योग्य कन्व्हर्टर निवडता येत नाही. त्या वेळचा एखादा छापील नमुना शेजारी असला तर शोध पुष्कळ सोपा होतो. इंग्रजी वर्डस्टारच्या फाइलीत प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसले तर फाइल खराब झाली असे समजू नये, ते सॉफ्टवेअर तेथे आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत असे.

रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘कर्म’, ‘किल्ला’ यांसारखे रफार, ऱ्य आणि वेलांटीचे शब्द शोधून डोळ्यांनी तपासावेत, चुका तेथेच दडतात. मूळ फ्लक्स नोंद, तिच्यातून काढलेली प्रतिमा, न बदललेली फाइल आणि रूपांतरित मजकूर असे चारही टप्पे एकाच फोल्डरमध्ये, फ्लॉपीच्या लेबलच्या छायाचित्रासह ठेवावेत. अंबाजोगाईच्या त्या पुस्तिकेचे तुकडे मी याच पद्धतीने ठेवले आहेत, प्रत्येक तुकड्यासमोर त्याचा ट्रॅक व सेक्टर क्रमांक लिहून. दोन वर्षांनी गावात तिची एक फाटकी छापील प्रत सापडली तेव्हा फाटलेल्या पानांची जागा त्या क्रमांकांवरूनच भरता आली.